वेरूळच्या फोटोत आकाश पांढरंफटक, शिल्पं काळी: असं सुटलं

लक्षण असं: कैलास लेण्याच्या (क्रमांक 16) अंगणातून वर कॅमेरा धरला की आकाश कोरं पांढरं. आकाश सांभाळलं की शिल्पं काळी ठिक्कर. जेपेगमध्ये ब्राइटनेस वाढवून पाहिला, कॉन्ट्रास्ट कमी केला, तयार फिल्टर लावले. सगळा फोटो राखाडी व्हायचा. वैताग आला होता.

कारण बेसाल्ट. गडद कातळ फ्रेममध्ये जास्त असला की कॅमेऱ्याचं मीटर (प्रकाश मोजणारी यंत्रणा) त्याला मध्यम राखाडी करू पाहतं आणि आकाश जळतं, म्हणजे तपशील जाऊन कोरं पांढरं होतं. जळलेला भाग परत येत नाही, म्हणून उपाय कॅमेऱ्यापासूनच सुरू होतो.

फोटो रॉ फॉरमॅटमध्ये (कॅमेऱ्याचा कच्चा डेटा), आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) 100. हायलाइट इशारा (जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो) चालू करून आकाशातली लुकलुक थांबेपर्यंत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) खाली. माझ्याकडे −1 च्या आसपास थांबली. फोटो काळपट दिसेल, दिसू द्या.

मग लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरचा डेव्हलप विभाग. आधी व्हाइट बॅलन्स (रंगाची निळी-पिवळी छटा) नीट करा, कारण सावलीत कातळ निळसर येतो. कीबोर्डवर J दाबा, म्हणजे जळलेलं लाल दिसतं. एक्स्पोजर +0.80, हायलाइट्स −70, शॅडोज +40. मग ऑल्ट की दाबून व्हाइट्सचा स्लायडर सरकवा, पहिले ठिपके दिसले की थांबा, ब्लॅक्सचंही तसंच. शॅडोज +60 च्या पुढे नेल्यावर माझ्या फोटोंत कोरीवकाम सपाट दिसायला लागलं, ते टाळाच. फोटोत दाणे उठले तर नॉइज रिडक्शनमधला ल्युमिनन्स 20 पुरतो.