ऑनलाइन गणित शिकवताय आणि मुलांची वहीच दिसत नाहीये? या चुका टाळा

ऑनलाइन गणित शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी एका मुलीच्या वहीचा फोटो माझ्याकडे आला आणि मी नुसती बघत बसले. तीन आठवडे ही मुलगी रोज क्लासला हजर, चॅटमध्ये "कळलं मॅडम" टाकण्यात पहिली, आणि वहीत बघते तर मी बोर्डवर लिहिलेली निम्मी वजाची चिन्हं गायब. -७ च्या जागी ७, -२क्ष च्या जागी २क्ष. आधी वाटलं निष्काळजीपणा आहे, थोडं रागावलेसुद्धा. मग माझाच क्लास दुसऱ्या फोनवर, स्लो नेटवर जॉइन करून बघितला तेव्हा उलगडा झाला. मी निळ्या पातळ पेनने लिहायचे आणि ती बारीकशी आडवी रेघ तिच्या स्क्रीनवर पोचतच नव्हती. बाकांमधून फिरताना हे मला पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

ऑनलाइन गणिताच्या बहुतेक भानगडींचं मूळ हेच आहे असं मला आता ठाम वाटतं. गणित वहीत घडतं आणि ऑनलाइनमध्ये आपल्याला नेमकी वहीच दिसत नाही, आपल्याला दिसतात ते चेहरे, तेही कॅमेरा चालू असेल तर, आणि चॅटमधले अंगठे. म्हणून खाली ज्या चुका सांगतेय त्या सगळ्या फिरून त्या वहीपाशीच येतात.

आपण लिहिलेलं त्यांना दिसतंय का हेच न बघणं

नेट स्लो झालं की व्हिडिओ धूसर होतो आणि सगळ्यात आधी जातात त्या बारीक गोष्टी, म्हणजे वजाचं चिन्ह, दशांश चिन्हाचा टिंब, घातांकातला छोटा आकडा, भागाकाराची रेघ. गणितात नेमकं यांच्यावरच सगळं अवलंबून असतं. भाषेच्या क्लासमध्ये एखादा टिंब गेला तरी मुलं अंदाजाने वाचतात, पण ३.५ चे ३५ झाले तर संपलंच.

उपाय साधे आहेत. जाड काळं पेन घ्या. पेन टॅबलेटवर लिहीत असाल तर रेघेची जाडी वाढवा. वजाचं चिन्ह मुद्दाम लांब काढा आणि लिहिताना तोंडाने बोला, "वजा दोन क्ष, वजा बरं का". .५ असं कधीच लिहू नका, ०.५ लिहा, म्हणजे टिंब दिसला नाही तरी सुरुवातीच्या शून्यामुळे मुलाला शंका येते. आणि एका स्क्रीनवर जास्तीत जास्त पाच-सहा ओळी, कारण बरीचशी मुलं मोबाइलवर बघत असतात, तुमच्या लॅपटॉपवर मोठं दिसणारं अक्षर तिथे मुंगीएवढं होतं.

पेन टॅबलेट नसेल तरी अडत नाही. फोन पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून खाली कागदावर लिहिलं तरी मस्त चालतं, फक्त मागचा कॅमेरा वापरा, कारण सेल्फी कॅमेऱ्यात काही ॲपवर अक्षरं उलटी दिसतात. हात हलला की फोकस जातो, तर बऱ्याच फोनच्या स्क्रीनवर, कागद दिसतो तिथे, बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो. दिवा डोक्यावर नको, बाजूला ठेवा, नाहीतर आपल्याच हाताची सावली नेमकी लिहितोय तिथे पडते.

"कळलं का?" हा प्रश्न

ऑनलाइनमध्ये सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारा प्रश्न हा आहे. मुलं खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच कळल्यासारखं वाटतं. समोर कुणीतरी सफाईने गणित सोडवत असेल तर बघताना सगळं सोपंच वाटतं ना. आपल्याला येतं की नाही हे हातात पेन घेतल्यावरच कळतं.

त्यापेक्षा पोल घ्या, पण पोल करतानाही लोक एक चूक करतात, चुकीचे पर्याय कसेही टाकतात. मी काय करते ते एका उदाहरणावरून सांगते. समजा समीकरण आहे ५ − २(क्ष − ३) = १. बरोबर उत्तर ५. आता बाकीचे तीन पर्याय मी असे ठेवते: −१, १०/३ आणि १/२. हे आकडे उगाच आलेले नाहीत. ज्याने कंस सोडवताना चिन्ह बदललं नाही आणि ५ − २क्ष − ६ लिहिलं त्याचं उत्तर −१ येतं. ज्याने घाईघाईत आधी ५ मधून २ वजा करून ३(क्ष − ३) केलं त्याचं १०/३ येतं. आणि ज्याने २ ने फक्त क्षला गुणलं आणि ३ तसाच ठेवला त्याचं १/२. म्हणजे पोलचा निकाल आला की कोण चुकलं एवढंच नाही, कुठे चुकलं तेही कळतं. वहीत न डोकावता वहीतली ओळ दिसते. बारा मुलं −१ वर असतील तर पुढची पाच मिनिटं मी फक्त कंसाबाहेरच्या वजावर बोलते, बाकी काही नाही.

असे पर्याय तयार करायला वेळ लागतो हे खरं आहे, एका चांगल्या प्रश्नाला कधीकधी पंधरा मिनिटं जातात. पण जुन्या वह्या तपासल्या असतील तर मुलांच्या चुका आपल्याला पाठच असतात, अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश करणारी मुलं कुठल्याही वर्गात भेटतातच, त्या चुकांचंच भांडवल करायचं.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि तेच ३ सेकंद किंवा त्याहून जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचार केलेली येतात. ते समोरासमोरच्या वर्गातलं. ऑनलाइनमध्ये आवाज पोचायला उशीर, मग अनम्यूट करायचं, मग बोलायचा धीर करायचा, त्यामुळे मी तर मनातल्या मनात दहापर्यंत मोजते. सुरुवातीला ती शांतता खायला उठते. तरी उत्तर स्वतः देऊन टाकायचं नाही.

तयार पीपीटी पुढे सरकवत जाणं

स्लाइडवर पूर्ण सोडवलेलं गणित एकदम येतं आणि मुलांची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. तिसरी ओळ चौथी कशी झाली, पेन कुठे थांबलं, कुठे खोडलं, हे काहीच दिसत नाही आणि शिकायचं असतं ते तर तेच. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या वेबसाइटवरच्या चार कोर्सेसमधल्या ६९ लाख व्हिडिओ सेशन्सचा डेटा बघितला होता, त्यात नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत शिकवलेले व्हिडिओ शिकणारे जास्त वेळ बघत होते, आणि ६ मिनिटांच्या आतले व्हिडिओ सगळ्यात जास्त टिकून बघितले जात होते. बघणं म्हणजे शिकणं नाही, तरी रेकॉर्ड करून कोर्स बनवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं असं आहे. ५० मिनिटांचं लेक्चर जसंच्या तसं अपलोड करू नका. एक कल्पना, एक सोडवलेलं गणित, "आता व्हिडिओ थांबवा आणि हे करून बघा", बास.

सोडवलेलं उदाहरण दाखवणं हे मात्र वाईट नाही हां, नवीन शिकणाऱ्याला त्याची गरजच असते. स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच दाखवलं होतं की नवख्या मुलांना सगळी गणितं स्वतः सोडवायला लावण्यापेक्षा काही सोडवलेली अभ्यासायला दिली तर कमी वेळात जास्त पदरात पडतं. फक्त पुढची पायरी विसरू नका: पहिलं गणित पूर्ण दाखवा, दुसऱ्यात शेवटची ओळ त्यांना लिहू द्या, तिसऱ्यात शेवटच्या दोन, असं करत करत पेन पूर्णपणे त्यांच्या हातात द्या.

फक्त उत्तर तपासणं

कोर्समधल्या ऑनलाइन क्विझवर पूर्ण भिस्त ठेवली की दोन्ही बाजूंनी घात होतो. एकीकडे ज्या मुलाला गणित येतं त्याचंही उत्तर चुकीचं ठरतं. काही क्विझ नुसते अक्षराला अक्षर जुळवतात, म्हणून १/२ च्या जागी ०.५ लिहिलं, किंवा नुसतं ५ हवं होतं आणि मुलाने "क्ष = ५" लिहिलं की शून्य मार्क. टाइप करताना १/२क्ष म्हणजे अर्धा क्ष की एक छेद दोन क्ष हेही कळत नाही. तेव्हा क्विझ बनवताना सगळी समान उत्तरं सेटिंगमध्ये भरा आणि उत्तर कसं लिहायचं ते प्रश्नातच सांगा. दुसरीकडे, फोटोमॅथसारख्या ॲपवर कॅमेरा धरला की पायऱ्यांसकट उत्तर मिळतं, मग गृहपाठाला पैकीच्या पैकी आणि परीक्षेत कोरा पेपर. याला मुलांवर चिडून उपयोग नाही, प्रश्न बदलायला लागतात. "सोडवा" च्या ऐवजी "खालच्या उत्तरात दुसऱ्या ओळीत चूक आहे, ती का झाली असेल ते एक मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये सांग". बोलताना लगेच कळतं कोणाला समजलंय.

आणि वहीचा फोटो मागवा. चाळीस मुलांचे चाळीस फोटो रोज तपासणं शक्यच नाही, मी तसा प्रयत्न केला आणि दोन आठवड्यांत आजारी पडले. आता रोज आठच वह्या नीट बघते, पाळीपाळीने, म्हणजे पाच क्लासमध्ये प्रत्येकाची वही एकदा नजरेखालून जाते. प्रत्येकाला वेगळा शेरा लिहीत बसत नाही, चुकांचे ढीग करते, आणि दुसऱ्या दिवशी क्लासची सुरुवात त्यातल्या सगळ्यात मोठ्या ढिगाने. ती चूक मी माझ्या अक्षरात लिहून दाखवते, नाव न घेता, आणि विचारते की इथे काय विचार केला असेल? मुलं या पाच मिनिटांत जेवढी बोलतात तेवढी बाकी तासभर बोलत नाहीत.

धड्याच्या नावातच पद्धत सांगून टाकणं

हे ऑनलाइन कोर्सचं खास दुखणं आहे. मॉड्यूलचं नाव "सूत्र पद्धतीने वर्गसमीकरण" आणि खाली वीस गणितं, सगळी सूत्रानेच सुटणारी. मूल डोकं न लावता वीसही सोडवतं आणि नंतर मिसळलेली आली की विचारतं, यात कुठली पद्धत? कारण पद्धत निवडायचा सराव त्याला कधी मिळालेलाच नसतो. प्रत्येक सरावसंचात निम्मी गणितं आधीच्या धड्यांमधली टाका, शीर्षक न देता. मार्क थोडे खाली येतील, पालकांचे मेसेज येतील, तरी टाका.

जिओजेब्रा किंवा डेसमॉससारखी आलेख काढणारी ॲप वापरत असाल तर एवढंच, समीकरणातला आकडा बदलणारा स्लायडर हलवायच्या आधी विचारा की काय होईल, पॅराबोला रुंद होईल की अरुंद, आणि वहीत अंदाज काढायला लावा. नाहीतर ती नुसती करमणूक होते. मुलांना छोटे गट करून ब्रेकआउट रूममध्ये पाठवताना एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने सांगायचं असं ठरवून द्या, नाहीतर चौघंही म्यूटवर बसून राहतात. कॅमेरा चालू करायची सक्ती मी सोडून दिली, कोणाच्या घरात काय परिस्थिती असते आपल्याला माहीत नसतं. चेहरा नको, वही दाखव म्हटलं की बरीच मुलं फोन खाली वळवतात.

आणि जी मुलं फोटोच पाठवत नाहीत?

असं प्रत्येक बॅचमध्ये होतं. बहुतेक वेळा कारण आळस नसतं, वहीत खाडाखोड असते आणि ती दाखवायची लाज वाटते, म्हणून मुलं सुंदर अक्षरात परत लिहून काढतात किंवा पाठवतच नाहीत. फोटो ग्रुपवर कधीच मागू नका, फक्त तुमच्याकडे येऊ देत. पेन्सिलने लिहून खोडलेलं नको, पेनने लिहा आणि चुकलं तर एक रेघ मारा हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण खोडरबराने पुसलेल्या ओळीत काय होतं ते कोणालाच परत दिसत नाही. मी स्वतः एखादं अवघड गणित सोडवताना जे कच्चं पान होतं, तीनदा रेघा मारलेलं, बाण काढलेले, ते तसंच्या तसं मुलांना पाठवते आणि खाली लिहिते, "इथे मी अडकले होते, चौथ्या ओळीत. तुझं कुठे अडलं?" मग एकदोन दिवसांत फोटो यायला लागतात, खाडाखोडीसकट.