सर्टिफिकेटचं काम यंत्रावर सोपवण्याआधी

आधी वही घ्या. कुठली डोमेन (साइटची नावं), कुठली सबडोमेन (त्यांच्या पोटातली नावं), कुणाचं सर्टिफिकेट (साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारी, ठरावीक मुदतीची फाइल) कधी संपतंय, ते लिहून काढा. डोक्यात ठेवू नका. मी ठेवलं होतं. एका वाचनालयाची साइट सांभाळताना मुख्य साइटचं सर्टिफिकेट वेळेवर बदललं आणि सभासदांच्या लॉगिनचं सबडोमेन राहून गेलं. रविवारी सकाळी सातला एका आजोबांचा फोन आला, "अहो, पुस्तक राखून ठेवायला बसलो, तर माझी माहिती चोरीला जाईल म्हणतंय हे!" दुपारपर्यंत नवं सर्टिफिकेट बसवलं, पण आजोबांनी पुन्हा कधी लॉगिन केलं नाही. पुस्तकासाठी ते आता जिना चढून येतात.

तेव्हा सर्टिफिकेट वर्षभर चालायचं. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून त्याची कमाल मुदत २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७ दिवस. हाताने बदलत बसणं आता जमणारच नाही. हे काम आपोआप व्हावं म्हणून इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने मार्च २०१९ मध्ये ‘अ‍ॅक्मे’ हे मानक आरएफसी ८५५५ (आरएफसी म्हणजे क्रमांक दिलेला दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध केलं. ते फुकट वाचायला मिळतं. क्लायंट, म्हणजे सर्टिफिकेट मागून आणणारा प्रोग्राम, बसवण्याआधी त्यातला पडताळणीचा आठवा विभाग तरी वाचाच. पुढची निम्मी तयारी तिथूनच निघते.

डोमेन तुमचंच आहे हे कसं सिद्ध करणार, ते ठरवा. त्या विभागात दोन मार्ग आहेत. पहिल्यात सर्टिफिकेट देणारी संस्था एक टोकन, म्हणजे अक्षरांची एक खूण, देते. त्याला संस्थेकडच्या तुमच्या खात्याच्या कीचा (डिजिटल किल्लीचा) ठसा जोडून ती ओळ साइटवर ठरलेल्या जागी ठेवायची, मग संस्था बाहेरून येऊन ती वाचते. ती येते पोर्ट ८० वरून, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दारातून. अनेकांनी सुरक्षेच्या विचाराने तो बंद केलेला असतो. उघडा आणि तिथून लोकांना एचटीटीपीएसकडे वळवा. दुसऱ्या मार्गात खूण डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावांच्या नोंदवहीत, टीएक्सटी (मजकुराचं) रेकॉर्ड म्हणून लावायची. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या सबडोमेनना चालणारं एकच सर्टिफिकेट, हवं असेल तर हाच मार्ग. पण मग डीएनएसची किल्ली स्क्रिप्टच्या हाती जाते. अख्ख्या डोमेनची किल्ली वेब सर्व्हरवर ठेवू नका. पडताळणीचं तेवढं नाव सीनेम रेकॉर्डने (एका नावावरून दुसऱ्याकडे पाठवणाऱ्या नोंदीने) वेगळ्या झोनकडे, म्हणजे डीएनएसच्या स्वतंत्र भागाकडे, वळवा आणि फक्त त्या झोनची किल्ली द्या.

शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट असलेल्या एकाच सर्व्हरवर, असाल तर इथे जरा थांबा. ‘अ‍ॅक्मे’च्या मसुद्यांत एक आणखी मार्ग होता: संस्था सर्व्हरला एका बनावट नावाचं सर्टिफिकेट मागायची, आणि ते दाखवता आलं की डोमेन तुमचं. जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं की काही होस्टिंगवर कुठलाही ग्राहक कुठल्याही नावाचं सर्टिफिकेट चढवू शकतो, म्हणजे एकाच आयपीवरचा शेजारी तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट मिळवू शकतो. लेट्स एन्क्रिप्टने तो मार्ग बंद केला आणि अंतिम मानकात तो आलाच नाही. मला या मानकाबद्दल विश्वास वाटतो तो यामुळे: लाखो साइटवर वापरात असलेली गोष्टही चुकीची ठरल्यावर सोडून दिली. तुमच्या बाजूने एवढं करा, की बंद पडलेल्या सेवांकडे बोट दाखवणारे जुने डीएनएस रेकॉर्ड आजच पुसून टाका. ती जागा दुसऱ्याच्या हाती गेली तर पडताळणी त्याची होते.

मग डीएनएसमध्ये सीएए रेकॉर्ड लावा, म्हणजे तुमच्या डोमेनला सर्टिफिकेट कोण देऊ शकतं हे जाहीर होतं. खात्याची की आणि साइटची की वेगवेगळ्या असतात. खात्याच्या कीची प्रत सुरक्षित जागी ठेवा. डोमेन देवनागरीत, म्हणजे ‘.भारत’वर असेल, तर क्लायंटला त्याचं ‘एक्सएन’ने सुरू होणारं इंग्रजी अक्षरांतलं रूप द्यावं लागतं. तेही वहीत जसंच्या तसं उतरवा.

क्लायंट निवडताना तो एआरआय ही ‘अ‍ॅक्मे’ची पुरवणी जाणतो का ते बघा. फेब्रुवारी २०२० च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्टला सीएए तपासणीतली आपली चूक सापडली आणि सुमारे ३० लाख सर्टिफिकेटं रद्द करायची वेळ आली. मुदत संपत आली की बदलायचं, एवढंच ठाऊक असलेल्या स्क्रिप्टला अशा वेळी काहीच कळत नाही. एआरआयमध्ये क्लायंट संस्थेला विचारत राहतो, ‘कधी बदलू?’, आणि ‘आत्ता’ असं उत्तर आलं की बदलतो. २०२५ मध्ये तो आरएफसी ९७७३ झाला.

सगळा सराव लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंगवर, म्हणजे सरावाच्या सर्व्हरवर, करा. खऱ्या सर्व्हरवर त्याच नावांच्या संचाला आठवड्यात पाचच सर्टिफिकेटं मिळतात. स्क्रिप्ट गोल फिरत राहिली तर अडकून बसाल.

नवी फाइल डिस्कवर आली तरी वेब सर्व्हर रीलोड होईपर्यंत जुनंच सर्टिफिकेट दाखवतो. म्हणून रीलोडची आज्ञा क्लायंटलाच जोडून द्या, आणि तपासणी फाइल बघून न करता बाहेरच्या मशीनवरून साइट उघडून करा. लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण देणारे ईमेल जून २०२५ मध्ये थांबवले, तेव्हा रोज तारीख बघणारी आपली स्वतःची तपासणी हवी. तिचा इशारा एकाच माणसाला जाऊ नये. आमच्याकडे तो मला आणि ग्रंथपालबाईंना जातो, आणि वहीची दुसरी प्रत त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात असते.