साठ टॅब्लेट, वीस केंद्रं: दुरून चालणारी आणि स्वतः सावरणारी यंत्रणा कशी उभारायची

उदाहरणासाठी दूध संकलनाचं काम घेऊ. वीस गावांत वीस केंद्रं आणि प्रत्येक केंद्रावर तीन अँड्रॉइड टॅब्लेट. त्यांवर लिटर, फॅट आणि एसएनएफच्या (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) नोंदी होतात. इंटरनेट ४जी सिमच्या राउटरवरून येतं, वीज जाते-येते, आणि केंद्रावर बसणारा माणूस संगणकातला नाही. टॅब्लेट अडला की कुणाला तरी चाळीस किलोमीटर गाडी मारावी लागते. ही फेरी वाचवणं हाच सगळ्या खटाटोपाचा उद्देश आहे.

आयबीएमने २००१ साली स्वयंशासित संगणनाची कल्पना मांडली. तिचा गाभा आजही कामाचा आहे. यंत्रणेने सतत पाहायचं, पाहिलेल्याचा अर्थ लावायचा, काय करायचं ते ठरवायचं, करायचं आणि पुन्हा पाहायचं. आपण त्यात एक अट घालू: दुरुस्ती ज्या वाटेने येते ती वाट बंद पडेल, असा एकही नियम आपोआप लागू होता कामा नये. वायरलेसवर ही चूक फार सहज होते, कारण तिथे फांदी आणि कुऱ्हाड दोन्ही एकाच हातात असतात.

सुरुवात नोंदणीपासून करा, म्हणजे टॅब्लेट दुरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते चढवण्यापासून. टॅब्लेट संस्थेचे असतील तर ते 'फुली मॅनेज्ड' (पूर्ण ताबा संस्थेकडे) म्हणूनच चढवा. कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन असेल तर फक्त वर्क प्रोफाइल (फोनमधला कामाचा वेगळा कप्पा) लावा, म्हणजे डेटा पुसायची वेळ आली तरी त्याचे घरचे फोटो शाबूत राहतात. जुन्या 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' पद्धतीच्या वाटेला जाऊ नका. तिचे महत्त्वाचे अधिकार अँड्रॉइड १० पासून काढून घेतले गेले आहेत.

कोरा किंवा फॅक्टरी रीसेट केलेला टॅब्लेट सुरू करा, स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप करा आणि क्यूआर स्कॅन करा. त्या क्यूआरमध्ये वायफायचं नाव आणि पासवर्ड घालता येतो, पण तो साध्या मजकुरात असतो. म्हणून नोंदणीसाठी वेगळं वायफाय ठेवा आणि काम झालं की ते बंद करा. नोंदणीचा टोकन (क्यूआरमधला परवान्याचा संकेत) वेगळं काही सांगितलं नसेल तर एक तासच चालतो. सकाळी छापलेला क्यूआर दुपारी चालत नाही तो बहुतेक वेळा यामुळे. लॉगिनचं पान उघडणाऱ्या वायफायवर नोंदणी करू नका, ती अर्ध्यात अडकते.

फॅक्टरी रीसेट बंद केला तरी बटणं दाबून रिकव्हरीतून तो करता येतो. त्यामुळे रीसेटनंतर ज्या खात्याने टॅब्लेट उघडेल ते खातं पॉलिसीत (टॅब्लेटने पाळायच्या नियमावलीत) आत्ताच लिहून ठेवा. अँड्रॉइड मॅनेजमेंट एपीआयवर (टॅब्लेट सांभाळण्याच्या गूगलच्या सेवेवर) चालणाऱ्या कन्सोलमध्ये, म्हणजे नियंत्रणाच्या पानावर, अशा खात्यांची यादी रिकामी असेल, तर रीसेटनंतर टॅब्लेट कुलूपबंद ठेवणारं चोरीपासूनचं संरक्षणच लागू होत नाही.

आता नेटवर्क. सर्व्हर टॅब्लेटला 'पॉलिसी बदलली, घेऊन जा' असं सांगतो ते गूगलच्या पुश सेवेतून. त्यासाठी बाहेर जाणारे टीसीपी पोर्ट ५२२८, ५२२९, ५२३० आणि ४४३ उघडे हवेत. पोर्ट उघडे असूनही आज्ञा उशिरा पोचत असतील, तर राउटरमधला नॅटचा टाइमआउट (गप्प जोडणी राउटर किती वेळ लक्षात ठेवतो ती मुदत) तपासा. टॅब्लेट गप्प बसला की काही राउटर पाच-दहा मिनिटांत ती जोडणी मनातून काढून टाकतात. टॅब्लेटला मात्र वाटतं की आपण जोडलेलेच आहोत. पुढच्या वेळी तो स्वतः बोलेपर्यंत आज्ञा अधांतरी राहते. हा टाइमआउट किमान ३० मिनिटं ठेवा.

राउटरवर मॅक पत्त्यांची (प्रत्येक यंत्राच्या वायफाय-ओळखक्रमांकांची) यादी लावून प्रवेश रोखत असाल तर तेही सोडा. अँड्रॉइड १० पासून टॅब्लेट प्रत्येक वायफायला बनावट मॅक देतो, आणि कधीतरी टॅब्लेटच बाहेर राहतो.

आज्ञेलाही आयुष्य असतं. याच एपीआयमध्ये लॉक किंवा रीबूटच्या आज्ञेला मुदत दिली नाही, तर ती १० मिनिटांत मरते. केंद्रावर दोन तास वीज नसेल तर तुमची आज्ञा कधी पोचलीच नाही, आणि कन्सोलवर ती गेल्यासारखी दिसते. हरवलेल्या टॅब्लेटच्या लॉकला ३० दिवसांची मुदत द्या. रीबूटला मात्र एक तासच द्या, नाहीतर परवाचा रीबूट आज सकाळी दूध मोजताना येऊन धडकतो.

पॉलिसी लिहिताना सगळ्यात जास्त वेळ एका जागी द्या: नियम मोडला तर काय होणार? पासवर्ड किंवा एन्क्रिप्शनची अट पाळली गेली नाही, तर एपीआयच्या मूळ वागणुकीनुसार टॅब्लेट लगेच अडवला जातो आणि १० दिवसांनी पुसला जातो. पुसण्याचं काम टॅब्लेट स्वतः करतो, त्याला सर्व्हरची वाट पाहावी लागत नाही. न पाठवलेल्या नोंदी त्यासोबत जातात, आणि त्या नोंदींवर शेतकऱ्याचं बिल निघतं. म्हणून हा आकडा मूळ वागणुकीवर सोडू नका, स्वतः लिहा. अडवायचं ३ दिवसांनी आणि पुसायचं ४५ दिवसांनी, हे अशा केंद्रांना मानवतं. पुसण्याचे दिवस अडवण्यापेक्षा जास्तच असावे लागतात. त्याच पॉलिसीत 'नेटवर्क एस्केप हॅच' चालू करा. सुरू होताना कुठलंच नेटवर्क लागलं नाही, तर टॅब्लेट समोरच्या माणसाला तात्पुरतं दुसरं वायफाय जोडू देतो, नवी पॉलिसी आणतो आणि ते वायफाय विसरतो. वायफायची सेटिंग कुलूपबंद केली असेल तर हीच एक खिडकी उरते.

आता पाहणं आणि अर्थ लावणं. टॅब्लेटवरच्या तुमच्या अ‍ॅपने दर १५ मिनिटांनी सर्व्हरला एक ओळ पाठवावी. वर्कमॅनेजरमध्ये (अँड्रॉइडची पडद्यामागे कामं चालवणारी सोय) आवर्ती कामाला यापेक्षा छोटं अंतर मिळत नाही, आणि पडदा बंद असताना ओळ उशिरा येते हेही धरून चला. ओळीत चार गोष्टी पुरेत: बॅटरी, चार्जर लागलाय का, न पाठवलेल्या नोंदी किती, आणि टॅब्लेटचं घड्याळ. घड्याळ महत्त्वाचं आहे. बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेली, तर सर्व्हरचं डिजिटल प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालं नाही' असं दिसतं आणि सुरक्षित जोडणी होत नाही. वायफायचे सगळे दांडे दिसतात, तरी टॅब्लेट मुका.

एखादा टॅब्लेट गप्प झाला की लगेच काही करू नका. आधी शेजारी पाहा. एका केंद्रावरचे तिन्ही एकदम गप्प आणि शेवटच्या ओळीत चार्जर तुटलेला, तर वीज गेली आहे: थांबा. तिन्ही गप्प पण शेवटपर्यंत चार्जर लागलेला, तर राउटर किंवा सिम पाहा. एकच गप्प आणि बाकी दोन बोलताहेत, तर दोष त्या टॅब्लेटचा. सगळी केंद्रं एकाच वेळी गप्प झाली तर दोष तुमच्या सर्व्हरचा आहे, आणि अशा वेळी यंत्रणेने टॅब्लेटना हात लावायचा नाही. एवढी चार वाक्यं नियम म्हणून लिहिली की निम्म्याहून जास्त फुकटच्या हालचाली थांबतात.

दुरुस्तीही पायरीने करा. आधी अ‍ॅपने जोडणी पुन्हा करावी: १ मिनिटाने, मग २, ४, ८ आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक, म्हणजे वीज आल्यावर साठही टॅब्लेट एका क्षणी सर्व्हरवर तुटून पडणार नाहीत. ते नाही जमलं आणि टॅब्लेटमध्येही सिम असेल, तर टॅब्लेटने वायफाय सोडून स्वतःच्या सिमवर जावं. मग रीबूट, पण सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या वेळा सोडून आणि दिवसाला एकदाच. शेवटी माणूस. फॅक्टरी रीसेट या शिडीत ठेवूच नका.

सगळ्यांवर एक लगाम हवाच. एका तासात ३ पेक्षा जास्त टॅब्लेटवर तीच दुरुस्ती करायची वेळ आली, तर यंत्रणेने स्वतःला थांबवून तुम्हाला संदेश पाठवावा. एकदम इतके टॅब्लेट क्वचितच बिघडतात. बहुधा नियमच चुकलेला असतो.

अपडेटचं गणित सिमवर अवलंबून आहे. दिवसाला १.५ जीबी मिळणारं सिम असेल आणि १.२ जीबीचा सिस्टम अपडेट तिन्ही टॅब्लेटनी मागितला, तर ३.६ जीबी लागतात. डेटा संपून वेग घसरतो आणि नोंदी अडतात. सिस्टम अपडेटला दुपारची खिडकी द्या, १२ ते ३, आणि केंद्रावरचे तीन टॅब्लेट तीन वेगळ्या पॉलिसी गटांत टाका. हंगामाच्या दिवसांत अपडेट गोठवता येतात. एक गोठणकाळ जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि दोन गोठणकाळांत किमान ६० दिवसांचं अंतर लागतं.

अ‍ॅपचं अपडेट येतच नसेल तर तीन गोष्टी पाहा: चार्जर, वापर आणि नेटवर्क. नेहमीच्या सेटिंगमध्ये प्ले स्टोअर टॅब्लेट चार्जिंगला, न वापरता आणि मोजणी नसलेल्या (डेटाची मर्यादा नाही असं मानलेल्या) नेटवर्कवर असेल तेव्हाच अपडेट करतो. कुणी फोनच्या हॉटस्पॉटवर टॅब्लेट जोडला असेल तर अँड्रॉइड ते मोजणीचं नेटवर्क समजू शकतो. मग महिनोन्‌महिने जुनंच अ‍ॅप चालतं.

नवं अ‍ॅप आधी २ टॅब्लेटवर, दोन दिवसांनी एका केंद्रावर, मग सगळीकडे. बिघडलं तर मागची आवृत्ती तशीच्या तशी परत लावता येत नाही, कारण अँड्रॉइड लहान आवृत्ती-क्रमांक स्वीकारत नाही. जुना चांगला कोड वाढवलेल्या क्रमांकाने बांधून प्रकाशित करावा लागतो. ती फाइल आधीच तयार ठेवा.

वायफायचा पासवर्ड बदलणं हे सगळ्यात धोक्याचं काम. राउटरवर नव्या नावाचं दुसरं वायफाय सुरू करा, जुनं तसंच राहू द्या. नवं पॉलिसीतून पाठवा. कन्सोलमध्ये प्रत्येक टॅब्लेटवर लागू झालेला पॉलिसी क्रमांक पाहा. साठपैकी साठ जुळल्याशिवाय जुनं बंद करू नका. दुरुस्तीला गेलेला एकसष्टावा टॅब्लेट कपाटात असेल तर तोही मोजा. प्रमाणपत्रावर चालणारं वायफाय असेल तर नवं प्रमाणपत्र मुदतीच्या ३० दिवस आधी पाठवा, कारण मुदत संपल्यावर ते पोचवायला नेटवर्कच उरत नाही.

केंद्रावर पाठवण्याआधी एक टॅब्लेट टेबलावर घ्या. राउटरची वायर काढा. तारीख दोन वर्षं मागे न्या. पॉलिसीत मुद्दाम वायफायचा चुकीचा पासवर्ड टाका आणि रीबूट करा. सिम काढा. प्रत्येक वेळी घड्याळ लावून बघा, टॅब्लेट हात न लावता परत बोलायला किती वेळ घेतो. जिथे तो परत आलाच नाही, तिथला नियम बदला आणि तीच चाचणी पुन्हा करा.