समाजकार्यातलं ऑनलाइन प्रशिक्षण: या चुका टाळा

एप्रिल उजाडला की नागपुरात होम व्हिजिट सकाळी अकराच्या आत आटोपाव्या लागतात. मग दुपारभर कूलरसमोर बसून केसच्या नोंदी लिहायच्या आणि त्याच वेळेत ऑनलाइन प्रशिक्षणही बसवायचं. करोनाच्या काळात हे सुरू झालं आणि पुढेही टिकलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पूर्वी तीन दिवसांच्या कार्यशाळेसाठी मुंबई-बंगळुरूला जायचं म्हटलं की रजा, रिझर्व्हेशन आणि घरची सोय यांतच बेत बारगळायचा. आता हिंगण्याच्या वस्तीत काम करणारी मुलगीसुद्धा बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या डिजिटल अकादमीचा अभ्यासक्रम घरी बसून करू शकते.

पण नव्या कार्यकर्त्यांच्या फाइली तपासताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. वर्षभरात सात-आठ प्रमाणपत्रं मिळवलेली असतात आणि केसच्या नोंदीत मात्र त्यातलं काहीच उतरलेलं नसतं. यात मेहनतीचा दोष नाही. कोर्स निवडतानाच गडबड होते. जाहिरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते, 'मोफत' आणि 'प्रमाणपत्र' हे दोन शब्द दिसतात आणि आपण नाव नोंदवतो. माझं सांगणं एवढंच आहे, की आधी आपल्या हातातल्या तीन चालू केस डायरीत लिहा, त्यांत आपण नेमके कुठे अडलो आहोत ते लिहा आणि मगच कोर्स शोधा.

प्रमाणपत्र कुठे चालणार, हे न विचारणं

परदेशी संकेतस्थळांवर 'सीई क्रेडिट', म्हणजे निरंतर शिक्षणाचे गुण, देणारे कोर्स भरपूर आहेत आणि त्यातले काही खरोखर उत्तम आहेत. पण ते क्रेडिट अमेरिकेतल्या व्यवस्थेसाठी असतं. तिथे समाजकार्याचा परवाना प्रत्येक राज्य देतं, त्याच्या नूतनीकरणासाठी ठरावीक तासांचं शिक्षण लागतं आणि कोर्स देणाऱ्या संस्थेलाही मान्यता लागते. आपल्याकडे तशी परवाना मंडळं नाहीत. त्यामुळे डॉलरमध्ये पैसे भरून घेतलेल्या त्या क्रेडिटचा इथल्या नोकरीत, बढतीत किंवा मानधनात उपयोग होईल, असं धरून चालू नका. ज्ञानासाठी जरूर करा. थेट वेबिनार असेल तर वेळही बघून घ्या. न्यूयॉर्कची दुपारची एकची वेळ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा.

भारतात अशी ठोस अट लागते ती भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असलेल्यांना. त्यांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सीआरईचे, म्हणजे निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे, गुण दाखवावे लागतात. इथली नेहमीची चूक अशी, की अपंगत्वावरचा कुठलाही वेबिनार केला की गुण मिळाले असं वाटतं. परिषदेनं आधी मंजूर केलेल्या कार्यक्रमाचेच गुण धरले जातात. नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना मंजुरीचं पत्र आणि गुणांची संख्या विचारा. विचारताना संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून कुणी व्हिजिटिंग कार्डावर 'मनोविकार समाजकार्यकर्ता' असं छापून घेतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं या पदाची व्याख्याच दिली आहे. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मनोविकार समाजकार्यातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, असं तिचं स्वरूप आहे. कोराडी रोडच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णाचे आईवडील त्या कार्डाकडे बघून तुमच्यावर विश्वास ठेवतात. त्यामुळे छोट्या कोर्सचं नाव आहे तसं लिहा, त्यात काही कमीपणा नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याच्या यादीतही वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते आहेत. 'मेडिकल'मध्ये किंवा मेयोत, म्हणजे नागपूरच्या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करणाऱ्यांनी या कायद्याखाली पुढे येणाऱ्या नियमांवर लक्ष ठेवायला हवं.

व्हिडिओ संपले, प्रमाणपत्र आलं नाही

ही तक्रार माझ्याकडे दर सत्राला येते. 'ताई, मी बाराही आठवडे केले, मग सर्टिफिकेट का नाही?' कारण बहुतेक वेळा एकच असतं. केंद्र सरकारच्या 'स्वयं' या ऑनलाइन शिक्षणमंचावर कोर्सला नाव नोंदवणं मोफत आहे, पण परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिची मुदत वेगळी असते आणि शुल्कही वेगळं भरावं लागतं. देखरेखीखालची परीक्षा द्यायला केंद्रावर जावं लागतं. कोर्स सुरू झाला त्याच दिवशी ही मुदत भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून टाका.

गुणांचंही नीट समजून घ्या. एनपीटीईएलच्या (आयआयटींचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम, त्याचे कोर्स 'स्वयं'वर असतात) कोर्समध्ये असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण धरतात. असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, अशा दोन्ही अटी वेगवेगळ्या पूर्ण कराव्या लागतात. परीक्षेत ४५ मिळवूनही असाइनमेंटकडे दुर्लक्ष झाल्यामुळे प्रमाणपत्र हुकतं. फील्डवरच्या माणसाचे मधले दोन आठवडे हमखास बुडतात, तेव्हा पहिल्या आठवड्यांच्या असाइनमेंट अजिबात चुकवू नका.

आणि नाव! लग्नानंतर आडनाव बदललेल्या आपल्या कितीतरी मैत्रिणींची पदवी माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं आणि नोकरीची ऑर्डर तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलेली असते. नोंदणी करताना जे नाव टाकाल तेच प्रमाणपत्रावर छापून येतं आणि नंतर ते बदलून घेणं अवघड होतं. सेवापुस्तकात किंवा ऑर्डरवर जसं आहे तसंच पूर्ण नाव टाका. पदवी वेगळ्या नावानं असेल तर राजपत्राची किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडून ठेवा.

वीज आणि नेटवर्कबद्दल फार सांगत नाही. एनपीटीईएलचे व्हिडिओ यूट्यूबवरही असतात, ते वायफाय असेल तिथे उतरवून घ्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रवेशपत्र छापून ठेवा.

जुना कायदा शिकून येणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण तिची किंमत समोरच्या बाईला किंवा लेकराला मोजावी लागते. रेकॉर्ड केलेला कोर्स वर्षानुवर्षं तसाच चालतो, कायदा मात्र बदलतो. एका समुपदेशक मुलीनं अत्याचारपीडित अल्पवयीन मुलीच्या आईला सांगितलं, 'वीस आठवडे उलटले, आता गर्भपात होत नाही.' तिनं ऐकलेलं व्याख्यान जुनं होतं. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचारपीडिता, अल्पवयीन मुली अशा ठरावीक गटांसाठी ही मर्यादा २४ आठवडे आहे. वीसपासून चोवीसपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांचं मत लागतं. ती आई दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली नसती तर काय झालं असतं, हा विचार आजही मला झोपू देत नाही.

अशी ठिकाणं बरीच आहेत. दत्तकाचा आदेश न्यायालय देतं, असं शिकवणारा कोर्स जुना समजा. बाल न्याय कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि सप्टेंबर २०२२ पासून ती लागू झाली. अपंगत्वाचे सात प्रकार मोजून दाखवले तर तो १९९५ चा कायदा आहे. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात आपल्या विदर्भात ठिकठिकाणी दिसणारा सिकलसेलही आहे. पतीकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी अजून '४९८ अ' शिकवत असतील, तर भारतीय न्याय संहितेचं ८५ वं कलम शोधा. मात्र घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड संहिताच लागू होते, तेव्हा जुना आकडाही विसरू नका. १०९८ ही बालकांची हेल्पलाइनही २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं सरकारी यंत्रणेकडे गेली, त्यामुळे जुन्या व्याख्यानातली तिची कार्यपद्धत आता जशीच्या तशी राहिलेली नाही.

उपाय सोपा आहे. कोर्स कधी तयार झाला ते वर्ष बघा. त्यात आलेलं प्रत्येक कलम सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर स्वतः उघडून वाचा. दहा मिनिटं लागतात.

परदेशी कोर्सच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. तिथे मुलावरच्या अत्याचाराची माहिती कळवायची सक्ती काही व्यवसायांपुरती असल्याचं ऐकून आपल्याला वाटतं, आपण त्यात येत नाही. पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाखाली माहिती असलेल्या प्रत्येकानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं असतं. न कळवणं हा गुन्हा आहे.

केस वर्गात नेताना

ही चूक माझ्या हातून झाली आहे, म्हणून सविस्तर सांगते. एका ऑनलाइन वर्गात मला केस मांडायची होती. नाव बदललं, गाव बदललं, सगळं व्यवस्थित केलं. स्क्रीन शेअर केली तेव्हा मागे मूळ सामाजिक अन्वेषण अहवाल उघडा राहिला होता. पाच-सात सेकंदच. पण चाळीस जणांच्या वर्गात त्या मुलाचं नाव आणि शाळा दिसली आणि वर्गाचं रेकॉर्डिंग चालू होतं. मी लगेच आयोजकांना फोन करून तो भाग काढून टाकायला लावला, वरिष्ठांना लेखी कळवलं आणि त्या आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम मुलाची ओळख कुठल्याही संवादमाध्यमात उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तेव्हापासून मी मूळ फाइल असलेला संगणक वर्गासाठी वापरत नाही. केस स्वतःच्या शब्दांत नव्यानं लिहिते. नाव बदलणं पुरेसं नसतं. 'कामठीजवळच्या एका खेड्यातली, वडील अमुक कारखान्यात, दोन जुळ्या बहिणी' एवढ्यावर आपल्या भागातला माणूस अचूक ओळखतो, कारण वर्गातले निम्मे लोक नागपूर, वर्धा, भंडाऱ्याचेच असतात. म्हणून जात, व्यवसाय, भावंडं यांतलं शिकण्यासाठी लागत नाही ते सगळं काढा. असाइनमेंट एआय साधनाकडून सुधारून घेणाऱ्यांनीही हेच पाळावं. केसचा मजकूर तिथे चिकटवला की तो आपल्या हातातून गेला.

इंग्रजीत शिकलेलं वऱ्हाडीत विचारता न येणं

पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली बहुतेक कोर्समध्ये शिकवतात. नऊ प्रश्न, सोपे गुण. पण वस्तीतल्या काकूंना 'तुम्हाला निराश वाटतं का?' विचारलं की त्या 'नाही' म्हणतात. त्याच काकू पाच मिनिटांनी सांगतात, 'कायीच करावं वाटत नायी बापा, जीव कसानुसा होते.' प्रश्नावलीचा प्रमाणित मराठी अनुवाद वापरा, मनानं भाषांतर करू नका. आणि ती भरण्याआधी व नंतर बोलायची भाषा मात्र त्यांची ठेवा. दोघींनी मिळून सराव करा, एक कार्यकर्ती आणि एक काकू.

नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर 'हो' आलं तर पुढे काय करायचं, हे ठरवल्याशिवाय तो विचारायला जाऊ नका. त्या घरात सोबत कोण थांबेल, कीटकनाशकाचा डबा घरात कुठे आहे आणि तो कुणाच्या ताब्यात द्यायचा, मेडिकलच्या मानसोपचार विभागात कोण घेऊन जाईल, हे सगळं आधी ठरलेलं हवं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो त्यांच्या मोबाइलमध्ये आपल्यासमोर साठवून द्या.

आमच्याकडे आता एक पद्धत रुळली आहे. कोर्स संपल्यावर येणाऱ्या पहिल्या शनिवारी दुपारी चारला त्या व्यक्तीनं आपली एकच अडलेली केस मांडायची आणि कोर्समधलं कोणतं पाऊल तिथे टाकणार, ते सांगायचं. प्रमाणपत्र फाइलला त्यानंतर लावतो. गेल्या शनिवारी सिकलसेल असलेल्या एका मुलाच्या अपंगत्व प्रमाणपत्राची केस होती. त्याच्या आजोबांना दोनदा परत पाठवलेलं होतं, कारण अर्ज जुन्या सात प्रकारांच्या यादीवरून भरलेला होता. सोमवारी आमची कार्यकर्ती त्यांच्यासोबत नवा अर्ज भरायला गेली.