पीआरव्हीला पाना लावायच्या आधी गेज लावा

आमच्याकडे एकदा किचनच्या नळाला पाणी बारीक यायला लागलं, प्लंबरला बोलावलं, त्याने नळाकडे बघितलंही नाही, सरळ डक्टचं (पाण्याचे पाइप जातात त्या कपाटाचं) दार उघडून तिथल्या पितळी पीआरव्हीचा, म्हणजे प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हचा, स्क्रू चार-पाच आटे आवळला आणि म्हणाला बघा ताई आता प्रेशर. पाणी खरंच जोरात आलं, मीही खूश. पंधरा दिवसांनी भरदुपारी घरात कोणी नसताना बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला आणि पाणी पॅसेजमधून लिफ्टपर्यंत गेलं. किचनच्या नळाचं खरं दुखणं काय होतं तर तोंडाच्या जाळीत अडकलेली वाळू. दोन मिनिटांचं काम होतं ते.

तेव्हापासून मी एक प्रेशर गेज घेऊन ठेवलंय आणि बिल्डिंगमध्ये आता कोणाचंही प्रेशर बिघडलं की माझीच बेल वाजते, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधी थोडं गणित. दहा मीटर उंचीवरून आलेलं पाणी खाली साधारण १ किलो प्रेशर देतं (प्लंबर लोक किलो म्हणतात, गेजवर बार किंवा किलो असतं, घरच्या कामाला दोन्ही एकच धरा). एक मजला ३ मीटरचा, म्हणजे मजल्यामागे ०.३ किलो. आमची बिल्डिंग १४ मजल्यांची, टाकी गच्चीवर, मी चौथ्यावर, म्हणजे माझ्या डोक्यावर ३३-३५ मीटर पाणी उभं आहे आणि मधे काहीच नसेल तर माझ्या नळाला सव्वातीन-साडेतीन किलो प्रेशर येणार. चौदाव्या मजल्यावरच्यांना मात्र जेमतेम ०.३-०.४, त्यांचा शॉवर नुसता ठिबकतो. टाकी एकच, पण त्यांची तक्रार वेगळी आणि आमची वेगळी, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेला दोघंही एकदमच ओरडतात.

हे जादाचं प्रेशर कमी करायला खालच्या मजल्यांना हा पीआरव्ही बसवलेला असतो. आत एक स्प्रिंग आणि एक रबरी पडदा, बस. स्प्रिंग वरून दाबून वाट उघडते, घराकडच्या बाजूचं पाणी खालून पडदा ढकलून वाट बंद करतं, दोघांचं जिथे जमतं तिथे प्रेशर थांबतं. वरचा स्क्रू आवळला की स्प्रिंग दबते आणि प्रेशर वाढतं, सैल केला की कमी. पण लक्षात घ्या, हा व्हॉल्व्ह प्रेशर तयार करत नाही. मागून येतानाच दीड किलो येत असेल तर स्क्रू कितीही आवळा, पुढे दीडच्या वर जाणार नाही, उलट स्प्रिंग पूर्ण दबून व्हॉल्व्ह नुसता उघडा पडून राहील आणि रात्री कोणी पाणी वापरत नसताना जेवढं काही येईल तेवढं सगळं थेट तुमच्या घरात.

यूट्यूबवर याचे भरपूर व्हिडिओ आहेत पण बरेचसे अमेरिकेतले, तिथे पाणी रस्त्यावरच्या लायनीतून थेट प्रेशरने घरात येतं आणि व्हॉल्व्ह ५० पीएसआयला, म्हणजे साधारण साडेतीन किलोला लावतात. आपल्याकडे टाकीचं पाणी, तो आकडा बघून स्क्रू फिरवू नका. मी माझा २ किलोला ठेवलाय, शॉवर, वॉशिंग मशीन, गिझर सगळं व्यवस्थित चालतं.

आता गेज. हार्डवेअरच्या दुकानात ० ते ७ किलोचं, अर्धा इंची आट्याचं मागा, सोबत एक अर्धा इंची सॉकेट आणि टेफलॉन टेप. टॉयलेटमधल्या जेट स्प्रेचा पाइप अँगल कॉकवरून (भिंतीतून निघणाऱ्या छोट्या कॉकवरून) सोडा, तिथे सॉकेट आणि त्यात गेज, हाताने घट्ट करून मग पान्याने थोडंसंच. कॉक हळू उघडा. घरातले सगळे नळ बंद असताना काटा जिथे थांबतो ते बंद प्रेशर. मग बाथरूमचा एक नळ पूर्ण सोडा आणि परत बघा, ते चालू प्रेशर. हे दोन आकडे मिळाले की निम्मं निदान झालं.

बंद प्रेशर २ आहे आणि नळ सोडल्यावर दीड-पावणेदोन राहतंय तर लाईन ठीक आहे, अडचण त्या एका नळाचीच. नळाच्या तोंडाची जाळी काढा, उलटी धरून टूथब्रशने घासा, पांढरे क्षार धरले असतील तर तासभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका, रात्रभर नको कारण क्रोमचं पॉलिश जातं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर हे दर दोन महिन्यांनी करावंच लागतं. जाळी साफ असूनही तसंच असेल तर खालचा अँगल कॉक बघा, बऱ्याचदा कोणीतरी गळती थांबवायला अर्धा बंद करून ठेवलेला असतो आणि विसरून गेलेला असतो. फक्त गरम पाणीच कमी येत असेल तर पीआरव्हीच्या वाटेला जाऊच नका, गिझरच्या इनलेटचा व्हॉल्व्ह किंवा आतला क्षार हेच कारण.

बंद प्रेशर २ दिसतंय पण नळ सोडला की काटा धपकन शून्याकडे जातो, याचा अर्थ मागे कुठेतरी वाट अडलीय. डक्टमधला मेन कॉक पूर्ण उघडा आहे का ते आधी बघा, असेल तर पीआरव्हीत पाणी शिरतं तिथली कचरा अडवणारी जाळी चोंदलीय. सोसायटीने टाकी धुतली की पुढचे चार दिवस हे हमखास होतं, तळाचा गाळ हलतो आणि सगळा आपापल्या जाळीत येऊन बसतो.

आणि बंद प्रेशरच कमी असेल तर आधी वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना विचारा. सगळ्यांचंच कमी असेल तर टाकीत पाणी नाही किंवा टाकी रिकामी होऊन लाईनीत हवा अडकलीय, ते काम सोसायटीच्या प्लंबरचं. फक्त तुमचंच कमी असेल तर मग पीआरव्ही.

जाळी साफ करताना डक्टमधला मागचा कॉक बंद करा, घरातला सगळ्यात खालचा नळ सोडून पाणी जाऊ द्या, खाली बादली ठेवा आणि मगच जाळीचं झाकण खोला. जाळी ब्रशने धुवा, झाकणाची रबरी रिंग चिरली असेल तर नवी टाका, रिंगला तेल किंवा वाहनाचं ग्रीस लावू नका रबर फुगतं, सिलिकॉन ग्रीस मिळतं ते लावा. मागचा कॉक उघडताना अगदी हळू, एकदम उघडलात तर पाण्याचा धक्का थेट पडद्यावर बसतो. आणि व्हॉल्व्हचं वरचं टोपण खोलून आतला पडदा बघायचा असेल तर आधी स्क्रू पूर्ण सैल करा, किती आटे सैल केले ते मोजून लिहून ठेवा, आत स्प्रिंग दबलेली असते, ती तोंडावर उडू शकते.

सेटिंग करताना लोक एक चूक हमखास करतात. स्क्रूखालचा लॉकनट सैल करायचा, सगळे नळ बंद, गेज लावलेलं, आणि स्क्रू पाव-पाव आटाच फिरवायचा. वाढवताना काटा लगेच हलतो. कमी करताना मात्र हलत नाही, कारण पुढच्या पाइपात आधीचं जास्तीचं प्रेशर कोंडलेलं असतं, मग माणूस फिरवतच बसतो फिरवतच बसतो आणि नळ सोडल्यावर पाणीच येत नाही. म्हणून प्रत्येक पाव आट्यानंतर एक नळ क्षणभर सोडून बंद करा आणि मग वाचा. झालं की लॉकनट आवळा. एक गोष्ट मात्र बघून घ्या, काही बिल्डिंगमध्ये तीन-चार मजल्यांना मिळून एकच पीआरव्ही असतो, तसा असेल तर हात लावू नका, तुमचा शॉवर सुधारेल आणि खालच्या काकूंचा पाइप फुटेल.

रात्रीची परीक्षा नक्की घ्या. झोपताना गिझर बंद, नळ बंद, गेजचा आकडा बघा, तासाभराने परत बघा. २ चा हळूहळू ३ झाला असेल तर व्हॉल्व्हच्या बसक्यात (वाट बंद होताना आतला भाग जिथे टेकतो तिथे) कचरा अडकलाय किंवा तिथलं रबर झिजलंय, वाट पूर्ण बंद होत नाहीये. दिवसा हे कळत नाही कारण कोणीतरी नळ सोडतच असतं. जाळी धुऊन, एकदोनदा नळ जोरात सोडून कचरा निघाला तर ठीक, नाहीतर कंपनीचा किट किंवा सरळ नवा व्हॉल्व्ह. गिझर बंद ठेवा असं म्हटलं कारण पाणी तापलं की फुगतं आणि त्यानेही काटा चढतो.

यावरूनच गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं आलं. गिझर चालू असताना त्यातून थोडं पाणी ठिबकलं तर ते बरोबर आहे, फुगलेल्या पाण्याला पाइपात मागे जायला वाट नसते म्हणून ते तिथून निघतं. त्याला प्लग मारून बंद करणारे महाभाग मी स्वतः बघितलेत, असं कधीही करू नका, तो व्हॉल्व्ह अडला तर गिझरची टाकी फुटू शकते. गिझर बंद असतानाही धार लागली असेल तर मात्र लाईनचं प्रेशर जास्त आहे किंवा त्या व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलाय. महिन्यातून एकदा गिझर थंड असताना त्याचा छोटा लिव्हर उचलून पाणी जाऊ द्या, जाम होत नाही.

वरच्या मजल्यांना पीआरव्ही नसतोच, तिथे प्रेशर पंप. सगळे नळ बंद असताना पंप दर थोड्या वेळाने सुरू होत असेल तर कुठेतरी गळतंय, पहिला संशय फ्लश टँकवर. नळ चालू असताना पंप टकटक चालू-बंद होत असेल तर त्याच्या छोट्या टाकीतली हवा गेलीय. पंपाचा स्विच बंद, नळ सोडून टाकीतलं पाणी काढा, वरच्या गाडीच्या ट्यूबसारख्या व्हॉल्व्हला सायकलचा पंप लावून हवा भरा, पंप ज्या प्रेशरला सुरू होतो त्याच्या ०.२ खाली. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणीच आलं तर आतला रबर फाटलाय, बदलावा लागेल. आणि महापालिकेच्या लायनीला थेट मोटर लावायचा सल्ला कोणी देत असेल तर ते बेकायदेशीर आहे, मोटर जप्त होते.

बाकी देखभाल फार नाही. दर सहा महिन्यांनी सगळे कॉक एकदा पूर्ण बंद-उघड करा, नाहीतर ज्या दिवशी पाइप फुटेल त्याच दिवशी ते फिरणार नाहीत. बेसिन आणि फ्लशचे लवचिक पाइप गंजाचे डाग दिसले की बदला, स्वस्त असतात. फ्लश भरताना सुंसुं आवाज, नळ बंद करताना भिंतीत धप्प, पीआरव्हीतून घुंईं असा आवाज यातलं काही सुरू झालं की गेज लावून बघायचं.

आमच्या डक्टच्या दाराला आतून मी मार्करने तारीख आणि दोन आकडे लिहिते, बंद आणि चालू. गेल्या वेळचा प्लंबर ते बघून म्हणाला हे काय ताई, बीपीचा चार्ट आहे का. पाना मात्र त्याने पिशवीतच ठेवला.