गावात गाडगेबाबांसारखं कीर्तन लावायचंय? आधी खराटा हातात घ्या

एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) कॅम्प असला की कुणीतरी विचारतंच, गाडगेबाबांसारखं कीर्तन आपल्याला जमेल का. जमतं, फक्त सुरुवात माइकपासून करू नका. बाबा गावात आले की आधी खराटा चालायचा, दिवसभर रस्ते अन् गटारं साफ, मग रात्री कीर्तन, १९०५ ला घर सोडलं तेव्हापासून १९५६ ला गेले तोपर्यंत हेच. आम्ही पहिल्या वर्षी नुसतं कीर्तन लावलं, लोक आले, ऐकलं, उठून गेले. पुढच्या वर्षी सकाळी सहालाच पाराभोवतीचा कचरा काढायला लागलो, गुटख्याच्या पुड्याच दोन घमेली निघाल्या, दुपारी गावातली चार पोरं आपणहून खराटे घेऊन आली आणि रात्री तीच सगळ्यात पुढं बसली होती.

सामान फार लागत नाही. खराटे, घमेली, फावडं, टाळाचा एक जोड, ढोलकी मिळाली तर बरं. स्टेज नको, सतरंजी टाका.

सुरुवात "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला"नेच करा आणि शेवटच्या रांगेतल्या टाळ्या ऐकू येईपर्यंत थांबू नका, आधी लोक लाजतात.

आता खरं काम. भाषण द्यायचं नाही, प्रश्न विचारायचे. बाबा वऱ्हाडीत बोलायचे, लोकांना विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. तुम्ही खानदेशात असाल तर अहिराणीत विचारा, तळकोकणात मालवणीत. म्हणजे असं, "लग्नाला खर्च किती आला? पैसे आणले कुठून? व्याज किती? फिटलं का?" शेवटच्या प्रश्नाला सगळे गप्प होतात. तिथं घाई करून उपदेश सुरू करू नका, थोडा वेळ थांबा, मागून एखादी म्हातारी बोलतेच, आणि तिचं बोलणं तुमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त पोचतं. गावातल्या कुणाचंही नाव घ्यायचं नाही, घेतलं की कीर्तन संपलं अन् भांडण सुरू. एका रात्री विषयपण एकच, कर्ज तर कर्ज, दारू तर दारू.

पैसे गोळा झाले तर हिशोब तिथंच मोठ्यानं वाचा. पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा लोकांच्या पैशातून उभ्या राहिल्या आणि बाबा स्वतः खापरातली भाकरी खात राहिले, लोकांचा विश्वास होता तो त्यामुळंच.

जेवण कुणाच्या घरी झालं तर ताटं आपली आपण घासायची, आणि दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी पार पुन्हा झाडून काढायचा.