कॉन्जुगेट ग्रेडियंट अडकतंय? सूत्र बदलण्याआधी या चुका टाळा

कॉन्जुगेट ग्रेडियंट पद्धत दर फेरीला उलट्या ग्रेडियंटमध्ये (ग्रेडियंट म्हणजे फंक्शनच्या सर्वांत तीव्र चढाची दिशा) मागच्या दिशेची बीटा पट भर घालून नवी दिशा ठरवते. तिने नॉनलिनियर फंक्शनचं किमान मूल्य शोधताना गाडी अडली की बहुतेक जण आधी बीटाच्या सूत्राला हात घालतात. फ्लेचर-रीव्हजचं सूत्र काढून पोलाक-रिबिएरचं, तेही जमेना तर दाई-युआनचं. दोष बहुधा तिथे नसतो. दर फेरीला तीन आकडे छापून बघा: बीटा, स्टेपची (त्या दिशेने टाकलेल्या पावलाची) लांबी आणि ग्रेडियंट व दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट. अर्धं निदान तिथेच होतं.

पोलाक-रिबिएरमध्ये बीटा सतत शून्य येतोय? मग तुम्ही नकळत साधा स्टीपेस्ट डिसेंट (दर वेळी नुसतं उलट्या ग्रेडियंटच्या दिशेने उतरणं) चालवताय. पायथनमध्ये याचं हमखास सापडणारं कारण म्हणजे जुना ग्रेडियंट कॉपी न करता नुसता दुसऱ्या नावाने ठेवणं. अ‍ॅरे जागच्या जागी बदलला की जुना आणि नवा एकच होतात, म्हणून बीटाच्या अंशातली नव्या वजा जुन्या ग्रेडियंटची वजाबाकी शून्य. फ्लेचर-रीव्हजमध्ये बीटा म्हणजे नव्या आणि जुन्या ग्रेडियंटच्या लांबीच्या वर्गांचं गुणोत्तर, म्हणून हीच चूक तिथे केलीत तर बीटा कायम 1. एरर येत नाही, प्रोग्राम फक्त रडतखडत चालतो.

फ्लेचर-रीव्हजमध्ये कॉपी नीट असूनही बीटा 1 च्या आसपास आणि स्टेप चिमुकली दिसली, तर तो त्या सूत्राचाच (1964) जुना आजार. दिशा ग्रेडियंटला जवळजवळ काटकोनात गेली की स्टेप लहान पडते, ग्रेडियंट फारसा बदलत नाही, म्हणून बीटा 1 च्या जवळ येतो आणि पुढची दिशाही तशीच वाईट निघते. पोलाक-रिबिएर अशा वेळी बीटा आपोआप शून्याकडे नेतं. इथे मात्र सूत्र बदलणं योग्यच.

डॉट प्रॉडक्ट धन आला, तर दिशा चढाची आहे. संशय लाइन सर्चवर (ठरलेल्या दिशेने किती पुढे जायचं ते शोधणाऱ्या भागावर) घ्या. नुसतं आर्मिजो बॅकट्रॅकिंग (फंक्शन पुरेसं घटेपर्यंत स्टेप लहान करत जाणं) इथे पुरत नाही, स्ट्राँग वुल्फ अटी हव्यात: फंक्शन पुरेसं घटावं आणि त्या दिशेतला उतारही पुरेसा सपाट व्हावा. त्यातला दुसरा स्थिरांक (उतार किती सपाट हवा ते ठरवणारा) बीएफजीएस या दुसऱ्या पद्धतीसाठी 0.9 चालतो. तोच इकडे उचलू नका, 0.1 ठेवा. फ्लेचर-रीव्हजला तो 0.5 पेक्षा कमी असला की उताराची हमी मिळते. पोलाक-रिबिएरला तीही नाही, म्हणून ऋण बीटा शून्य करा आणि तरीही दिशा चढाची निघाली तर सरळ उलट्या ग्रेडियंटपासून रीस्टार्ट.

जितकी चलं तितक्या फेऱ्यांनी रीस्टार्ट हा नियम लाखभर चलांच्या प्रश्नात निव्वळ शोभेचा, तिथवर कुणी पोचतच नाही. त्यापेक्षा पॉवेलची 1977 ची कसोटी बरी: लागोपाठच्या दोन ग्रेडियंटांच्या डॉट प्रॉडक्टचं निरपेक्ष मूल्य नव्या ग्रेडियंटच्या नॉर्मच्या (लांबीच्या) वर्गाच्या 0.2 पट किंवा जास्त झालं की रीस्टार्ट. मिनी-बॅचचा (दर फेरीला डेटाच्या छोट्या तुकड्यावरून काढलेला) ग्रेडियंट वापरत असाल तर ही सगळी गणितंच कोसळतात. तिथे ही पद्धत नको.

सायपाय (पायथनची गणिती लायब्ररी) 'प्रिसिजन लॉस'ची तक्रार करत थांबलं तर टॉलरन्स (ग्रेडियंट किती लहान झाला की थांबायचं ती मर्यादा) आणि फंक्शनचा आकार ताडून बघा. फंक्शनची किंमत 10 लाखांच्या घरात, डेरिव्हेटिव्ह फॉरवर्ड डिफरन्सने (चल किंचित पुढे सरकवून फंक्शनमधल्या फरकावरून), त्यातली पायरी साधारण 0.00000001: अशा ग्रेडियंटमध्ये 0.01 च्या घरातली गोंगाटी चूक असतेच. मग 0.00001 चा टॉलरन्स गाठणार कसा? फंक्शन स्केल करा किंवा ग्रेडियंटचं सूत्र स्वतः लिहून द्या.